विमा न विकणारे मोहिते

“पमे, आधी तोंड धू आन केसाला तेल लाव,” आक्का म्हणाली. “तुझी चौकशी लागलीया.”

मी टायपिंगच्या क्लासहून येत होते, सायकल अजून हातातच होती. भागीरथीआक्का आमच्या समोरच्या घरात राहायची. नात्याने ती आमची कुणीच नव्हती. पण कुणाच्या सुनेला दिवस गेलेत आणि कुणाची आमटी खारट झालीय, हे तिला त्या त्या घराच्या आधी कळायचं. कराडच्या शनिवार पेठेतल्या आमच्या बोळाची दोन्ही तोंडं तिच्या ओट्यावरून दिसायची. बोळात शिरलेलं माणूस तिला टाळून बाहेर पडलं, असं मी तरी कधी पाहिलं नाही.

“कसली चौकशी?” मी विचारलं.

“कसली म्हंजे? स्थळाची! सकाळी एक मानूस येऊन गेला. उंच, कापडं परीटघडीची. नाव मोहिते. विम्याचा एजंट हाय म्हनं. मला म्हनला, ‘मुळीकांची मुलगी कशी आहे?’ आता विमेवाल्याला पोरगी कशी हाय त्ये कशाला पायजे?”

“मग तू काय सांगितलंस?”

“जे सांगायचं त्येच सांगितलं. म्हनलं, देवासारखी पोर हाय. मान वर करून कुना पुरुषाकडं बघत न्हाई. सभा न्हाई, शिनिमा न्हाई. पेपराला तर हात लावत न्हाई.”

“अगं, पेपराचं कशाला काढलंस?”

“मी कुठं काढलं? त्यानंच इचारलं, त्यांच्या घरी पेपर कोणता येतो म्हनून. आता तू चुलीवर दूध उतू घालवून पेपर वाचतीस त्ये का सांगू?”

“आणि कोल्हापूर?”

आक्काने दोन्ही हात झटकले. “कसलं कोल्हापूर? हास्टेलात ऱ्हायल्याली पोर कोन करून घेतंय? म्हनलं, पोरीनं कराडची येस वलांडली न्हाई. आन समद्या गल्लीला सांगून ठेवलंय, कुनी इचारलं तर समद्यांनी ह्येच सांगायचं.” मग ती जरा नाराजीने म्हणाली, “एक खोड मातर वंगाळ हाय त्याची. काईबी सांगितलं की म्हनतोय, ‘हे तुम्ही पाहिलंय की ऐकलंय?’ म्हनलं, पाहिलंय! ह्या डोळ्यांनी पाहिलंय!”

मी सायकल भिंतीला टेकवली आणि मान खाली घालून ओट्यावर बसले. आक्काला वाटलं, मी लाजले.

खरी गोष्ट दोघांनाच माहीत होती, मला आणि दादांना. पुण्याला संरक्षण खात्याच्या एका कचेरीत लघुलेखिकेच्या जागेसाठी मी परीक्षा दिली होती आणि पासही झाले होते. मुलाखतीला एक जाड चष्म्याचे साहेब होते. ते म्हणाले होते, “आता तुमची पोलीस चौकशी होईल. कोण येईल, कधी येईल, ते कळणार नाही. आणि या नोकरीविषयी बाहेर बोलायचं नाही.” म्हणून मी आईलाही सांगितलं नव्हतं. आईला सांगणं म्हणजे आक्काला सांगणं, आणि आक्काला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

दादा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूर नाक्यावर जकातीचे कारकून होते. त्यांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. “तोवर हुकूम आला तर तू पुण्याला. नाही आला तर तुझी आई म्हणेल तिथं बोहल्यावर. मला रोज घरात रडारड झेपत नाही,” असं ते म्हणाले होते. दसरा होऊन गेला होता.

अर्जात मी सगळं खरं लिहिलं होतं. कोल्हापूरच्या कॉलेजातली दोन वर्षं, तिथलं वसतिगृह, एनसीसी, वक्तृत्वाची बक्षिसं, आणि चीनच्या युद्धाच्या वेळी इथल्या चौकात संरक्षण निधीच्या सभेत केलेलं भाषण, सगळं. हेच सगळं आक्काने एका सकाळीत पुसून टाकलं होतं, आणि तेही माझ्या भल्यासाठी. त्या माणसाकडे आता दोन पमी होत्या. एक सरकारी कागदावरची, बंदूक चालवणारी. दुसरी गल्लीतली, वेस न ओलांडलेली. यातली एक खोटी आहे एवढंच त्याला कळणार होतं.

घरी आई पेटी उघडून बसली होती. बातमी पोचली होतीच. “पमे, ही मोतिया नेस हं त्यांनी बोलावलं तर,” ती म्हणाली आणि साडीवरून हात फिरवत राहिली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी नगर वाचनालयात गेले. रोज जायचे तशीच गेले, पण मनात एक हिशेब होता. ज्या माणसाला दुसऱ्याच्या घरी पेपर कोणता येतो याची पडलेली असते, तो स्वतः पेपर वाचल्याशिवाय राहत नाही.

लांब टेबलाच्या टोकाला एक उंच, परीटघडीच्या कपड्यांतला माणूस बसला होता. समोर सगळ्या पेपरांची चळत होती. हातात पेन्सिल. तो स्वतःशीच पुटपुटत होता, “मेलेला माणूस शेवटच्या ओळीत! काय लिहितात हे लोक!”

मी त्याच्या समोर बसले. बायकांचं बाक वेगळं होतं, तिकडे गेले नाही. “पहिल्या ओळीत मारला असता तर पुढच्या कुणी वाचल्या नसत्या,” मी म्हटलं.

“असं कसं? मुख्य बातमी पहिल्या ओळीत आलीच पाहिजे, बाकीचं मागून...” तो तावातावाने बोलायला लागला आणि मान वर करून बघतो तो समोर मी. माझा फोटो त्याने पाहिलेला असणार. त्याने पेन्सिल हळूच खिशात घातली.

“नमस्कार, मोहितेसाहेब. मला विमा उतरवायचाय.”

“तुम्हाला? हो, म्हणजे... उतरवू की.”

“हप्ता किती पडेल?”

“ते वयावर असतं.”

“माझं वय तुम्हाला माहीत आहे. जन्मतारीखसुद्धा असेल.”

त्याने समोरचा पेपर घडी घालून बाजूला ठेवला, मग पुन्हा उलगडला. “मी काही बोललेलो नाही,” तो म्हणाला.

“बोलू नका, मीच बोलते. कालपासून तुम्ही आमच्या गल्लीत इतक्या लोकांना भेटलात, पण मरणाचा विषय एकदाही काढला नाहीत. असा विमेवाला मी पाहिला नाही. तुम्ही आधी कुठल्या तरी पेपरात होता, आणि आता सरकारात आहात.”

“मी असं म्हटलेलं नाही.”

त्याची हकीकत मला पुढे कळली. पुण्याच्या एका दैनिकात तो बातमीदार होता. बासष्ट साली चीनचं युद्ध पेटलं तेव्हा हा पंख्याखाली बसून इंग्रजी बातम्यांच्या तारा मराठीत करत होता. ‘आपले जवान बर्फात गुडघाभर रुतून लढत आहेत’ असं लिहून त्याने शिपायाला चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने राजीनामा दिला आणि सैन्यात भरती झाला. तिथे त्याला गुप्तवार्ता विभागात घातलं. पहिल्याच अहवालाला याने झकास मथळा दिला, तेव्हा कर्नलसाहेबांनी विचारलं की हा अंक कुठल्या चौकात विकायचाय. सैन्यातली मुदत संपल्यावर पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेने त्याला उचललं. अर्धं तारुण्य कळलेलं सगळं छापण्यात गेलं आणि उरलेलं कळलेलं सगळं गिळण्यात. पण जुन्या संपादकांची एक सवय त्याच्या अंगात मुरली होती. कुणीही बातमी आणली की ते टेबलावर हात आपटून विचारायचे, पाहिलंस की ऐकलंस?

“आमच्या आक्काला तुम्ही पेपर विचारलात तिथेच मला कळलं,” मी म्हटलं. “मुलाकडचे लोक पुरणपोळी येते का विचारतात, डोळ्यात फूल आहे का विचारतात. पेपर कोणता येतो हे आजवर कुणी विचारलेलं नाही.”

“कोण मुलाकडचे?”

त्याला खरंच कळलं नव्हतं! मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा असा काही झाला की मला हसू आवरेना, आणि वाचनालयाच्या लेखनिकाने ‘शांतता राखा’ या पाटीवर टकटक केलं.

“म्हणजे अख्खी गल्ली मला...”

“नवरदेव समजते. आक्काकडे तुम्ही लाडू एकच घेतलात ना? दुसऱ्याला लाजून नको म्हणालात. तिथेच आक्काने ताडलं की मुलाकडचा माणूस नव्हे, खुद्द मुलगाच आलाय.”

“मला वाटलं, इथली माणसं फार मोकळी आहेत. सरकारी माणसाला मदत करणारी.” तो कपाळाला हात लावून बसला. मग त्याचा आवाज बदलला. “मुळीकबाई, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. सहा घरांत मला एकच वाक्य ऐकायला मिळालं. मान वर करून बघत नाही, वेस ओलांडली नाही. सगळी माणसं एकच वाक्य बोलायला लागली की ते कुणीतरी पढवलेलं असतं, हे मला कळतं. कोल्हापूरच्या कॉलेजात तुमचं नाव सापडेल, त्याची काळजी नाही. पण मुलगी शिकायला गेली होती एवढी साधी गोष्ट अख्खी गल्ली का लपवते, असं वरचे मला विचारतील. त्यावर मी काय सांगू?”

“खरं ते सांगा. नवरदेव समजले म्हणून.”

“असं सांगितलं तर माझी नोकरी जाईल आणि तुमची मिळणार नाही.”

“आणि काहीच सांगितलं नाही तर?”

“शंका आहे असा शेरा पडतो. मग ते पुढच्या उमेदवाराकडे वळतात. कुणाला वेळ असतो?”

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली होती. मोतिया साडी पेटीतून बाहेर निघाली होती. “मी सांगते ना तुम्हाला, कोल्हापूर, एनसीसी, सभा, सगळं...”

“तुमच्याविषयी तुमचीच साक्ष कशी घेऊ? मला गल्लीकडून हवं. पढवलेलं नाही, मनातलं.”

मनातलं गल्ली कधी बोलते? मी पंख्याकडे बघत बसले. दुपारच्या वेळी आक्काच्या ओट्यावर जे चालतं ते मला आठवलं. कुणाचं तरी स्थळ मोडलेलं असतं आणि मग त्या मुलीविषयी जे निघतं, ते सगळं शंभर टक्के खरं असतं. फक्त वाईट तोंडाने सांगितलेलं असतं.

“उद्या तुम्हाला आमच्याकडून चहाचं बोलावणं येईल,” मी म्हटलं. “या तुम्ही. मी तुम्हाला नकार देईन.”

“मला? नकार?”

“सगळ्यांच्या देखत. मग गल्ली माझ्याविषयी जे बोलेल ते लिहून घ्या. एका शब्दाचीही भर घालणार नाहीत.”

त्याने पेपराची पुन्हा घडी घातली. “तुमचं नाव खराब होईल. एकदा नाव गेलं की...”

“नुसते निघून गेलात तरी जाईलच. चौकशी करून गेले आणि फिरकले नाहीत, म्हणजे मुलीतच काहीतरी असणार, असं म्हणतील. त्यापेक्षा मी नको म्हटलेलं बरं. आणि हुकूम नाही आला तर चांगल्या नावाचं मी काय करू? लोणचं घालू?”

त्यावर तो पहिल्यांदा हसला. हसताना बरा दिसत होता, हे माझ्या लक्षात आलं आणि मी लगेच उठले.

बोलावणं आक्कानेच नेलं. मोहिते उतरला होता त्या लॉजवर स्वतः गेली, चपला घालून. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठकीच्या खोलीत नवी चादर घातली होती. आईने पोह्यांवर इतकं खोबरं पेरलं होतं की पोहे दिसत नव्हते. आक्का दाराशी बसली होती, आणि तिच्या मागे बोळातली सगळी डोकी एकावर एक. दादा खुर्चीत बसले होते. जकात नाक्यावर इतकी वर्षं काढलेला माणूस. ते पाहुण्याच्या चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या पिशवीकडे बघत होते.

पाहुण्याने दोन बशा पोहे खाल्ले. नकार मिळणार हे ठाऊक असताना माणूस इतकं खाऊ कसं शकतो, असं मला वाटून गेलं.

“इचारा की काय इचारायचं त्ये,” आक्का म्हणाली.

तो घसा खाकरून म्हणाला, “मी नंतर कळवतो.”

“कळवायचे कष्ट घेऊ नका,” मी मान वर केली. “मला हे स्थळ पसंत नाही.”

दारातली डोकी एकदम हलली. आईच्या हातातलं ताट कलंडलं. मुलीने मुलाला नको म्हणायचं, तेही तोंडावर, असं आमच्या बोळात त्याआधी झालं नव्हतं.

“का गं?” दादांनी शांतपणे विचारलं.

“हे विमा विकतो म्हणतात आणि विकत नाहीत. जो माणूस आपलं काम सांगत नाही, त्याच्याशी संसार कसा करायचा?”

हे ठरवून ठेवलेलं वाक्य नव्हतं, तोंडातून आपोआप आलं. पाहुण्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने बशी खाली ठेवली, आईला नमस्कार केला आणि म्हणाला, “पोहे फार छान झाले होते.” दादा त्याला बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला गेले.

आई स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागली. मला तिला जवळ घेऊन सांगावंसं वाटलं की अगं आई, हे सगळं नाटक आहे. सांगता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला गुपित म्हणजे काय ते कळलं. ते आपल्या पोटात असतं आणि दुखत मात्र दुसऱ्याला असतं.

आक्का उठली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तिनेच जमवलेलं स्थळ, तिनेच नेलेलं बोलावणं, आणि सगळ्या बोळासमोर मी ते भिरकावून दिलं होतं. तिने आपल्या घराचं दार लावून घेतलं. ते दार दिवसाउजेडी लावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रात्री जेवताना दादा एवढंच म्हणाले, “त्या माणसाच्या पिशवीत विम्याचा एक कागद नव्हता,” आणि भात कालवायला लागले.

पुढचा दिवसभर बोळ माझ्याविषयी बोलत होता. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

“कोल्हापुरात दोन वर्सं ऱ्हायली, तवाच बिघडली.”

“बंदूक चालवाय शिकलीया म्हनं तिथं.”

“चौकात मायकावर वरडली हुती की युद्धाच्या टायमाला, समद्या गड्यांम्होरं!”

“पेपर वाचून वाचून डोस्कं फिरलंय.”

माझ्या अर्जातली एकही गोष्ट त्यांनी सोडली नाही. मोहिते तोंड पाडून बोळात फिरत होता. “मला आधी का नाही सांगितलंत?” असं तो ज्याला त्याला विचारत होता, आणि त्याची कीव येऊन माणसं भडाभडा बोलत होती. एका घरात तर त्याला जेवायला बसवलं आणि भाचीचा विषय काढला. मला हसू येत होतं आणि दर वाक्याला बोचतही होतं. ही माझीच माणसं होती. आक्काचा ओटा मात्र दिवसभर रिकामा होता. ती आतल्या आत काय बोलली असेल, कुणाला बोलली असेल, याची मला सगळ्यात धास्ती होती. तिला माझं सगळं माहीत होतं. मॅट्रिकच्या पोरांशी मी सायकलची शर्यत लावली होती तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर गेले. पुण्याची गाडी लागली होती आणि मोहिते खिडकीशी बसला होता. मला बघून खाली उतरला.

“मिळालं सगळं?” मी विचारलं.

“मिळालं. तुम्ही म्हणालात तसंच. एकही वाक्य पढवलेलं नव्हतं. पेपरात असताना असे साक्षीदार मिळाले असते तर मी संपादक झालो असतो.” मग तो थांबला. “एक सोडून.”

“कोण?”

“तुमच्या आक्का. काल संध्याकाळी मी त्यांच्या दाराशी गेलो. म्हटलं, आक्का, तुम्ही मला फसवलंत. आता तरी खरं सांगा, मुलगी कशी आहे?”

“मग?”

“त्यांनी दार पुरतं उघडलं नाही. फटीतूनच म्हणाल्या, ‘देवासारखी पोर हाय. मान वर करून कुना पुरुषाकडं बघत न्हाई.’ मी म्हटलं, अहो, काल सगळ्यांच्या देखत मान वर करून तिने मला नको म्हटलं. हे तुम्ही पाहिलंय की ऐकलंय? तर म्हणाल्या, ‘पाहिलंय. ह्या डोळ्यांनी पाहिलंय. देवासारखी हाय. आन तुमी आता चालू लागा.’”

स्टँडवर एक गाडी सुटली, धूळ उडाली, तेवढं निमित्त मला पुरलं आणि मी पदर डोळ्याला लावला.

“बाकी सगळ्यांनी तुमची माहिती दिली,” तो म्हणाला. “ती मला लागतेच. पण तुम्ही इतका अपमान केल्यावरही एक माणूस तुमच्यासाठी पुन्हा तेच खोटं बोललं. मी बातमीदार होतो, सैन्यात होतो, आता इथे आहे. माणूस कसा आहे हे ठरवायला याहून पक्की साक्ष मला अजून मिळालेली नाही. ती मला अहवालात घालता येणार नाही. माझा शेरा मात्र चांगला असेल.”

कंडक्टरने घंटी दिली. तो पायरीवर चढला, पुन्हा वळला. जुनी खोड.

“मुळीकबाई, एक विचारू? परवाचा तो नकार. त्यात नाटक किती होतं आणि खरं किती?”

“ती माहिती गोपनीय आहे, साहेब,” मी म्हटलं.

गाडी गेली. मी तशीच आक्काच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आली. “बस हितं,” ती म्हणाली. “केसांचं काय करून घेतलंयस बघ.” मी ओट्यावर तिच्या पुढ्यात बसले. ती जरा जास्तच जोराने तेल चोळत होती. दुपारी कुणीतरी माझ्याविषयी बोलायला ओट्याशी आलं, तर आक्का म्हणाली, “माझ्या म्होरं न्हाई.” मी तिला काही सांगितलं नाही. सांगता येत नव्हतं, आणि सांगायची गरजही राहिली नव्हती.

दिवाळीच्या आधीच हुकूम आला. मी पुण्याला गेले. तिथे काय काम केलं ते सांगत नाही, आजही नाही.

दोन वर्षांनी मोहितेची बदली दुसऱ्या शाखेत झाली. माझ्या चौकशीशी त्याचा आता काही संबंध उरला नव्हता. एका रविवारी आमच्या बोळात एक मावशी आल्या, नऊवारी नेसलेल्या, भाच्यासाठी स्थळाची चौकशी करायला. भाच्याचं नाव यशवंत जगदाळे. त्या थेट आक्काच्या ओट्याशी थांबल्या आणि त्यांनी मुळीकांच्या मुलीविषयी विचारलं. मी सुट्टीवर आले होते, खिडकीत उभी होते. आक्काने पदर सावरला आणि तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. मावशींच्या मागे उभा असलेला भाचा पुढे झाला.

“आक्का, हे तुम्ही पाहिलंय की ऐकलंय?”

आक्काने डोळे बारीक केले. मग ओळखलं. मोहिते म्हणून आलेला माणूस जगदाळे कसा झाला, हे तिने विचारलंसुद्धा नाही. “किती येळा सांगू तुमाला?” ती म्हणाली. “पाहिलंय!” आणि तिने वर खिडकीकडे बघितलं. मी त्याच्याकडेच टक लावून बघत होते. आक्काने मला डोळ्यांनी दटावलं, तशी मी मान खाली घातली.

आईने लग्नात मोतिया साडी मलाच नेसवली. आपलं काम न सांगणाऱ्या माणसाशी संसार कसा करायचा, हा माझा प्रश्न फिजूल निघाला, कारण मीही माझं काम सांगत नव्हते. जेवताना आम्ही भाजीच्या भावाविषयी बोलायचो. छान चाललं.

आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. आक्काला जाऊनही बरीच वर्षं झाली. जगदाळेंना मात्र तो जुना प्रश्न सोडवत नाही. सगळे पेपर वाचून झाले की चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, “आता तरी सांग. त्या दिवशी नाटक किती होतं?”

मी उत्तर देत नाही. मान खाली घालून चहा ढवळत राहते. एका माणसाने तीनदा साक्ष दिलीय माझ्यासाठी, ती खोटी कशी पडू देऊ?